गोजरबाईचे शुक्रवार

गोजरबाईला ज्यांनी फक्त बाजारात पाहिलंय त्यांना ती भांडखोर वाटते, आणि ज्यांनी फक्त घरी पाहिलंय त्यांना ती अबोल वाटते. दोन्ही खरं आहे. घोडेगावच्या अलीकडं, हायवेपासून थोडं आत, वस्तीवर तिचं घर आणि घराला लागून गोठा. एरवी ती शेण काढते, वैरण कापते, भाकरी थापते आणि नवऱ्याशी कामापुरतं बोलते. शुक्रवारी मात्र ती इस्त्रीचं लुगडं नेसते, पायात चांगल्या चपला घालते आणि म्हशी विकायला बाजारात उभी राहते. गेली पस्तीसेक वर्षं तिचा हा नेम आहे. या काळात सरकारं बदलली, जिल्ह्याचं नाव बदललं, गोजरबाईचा शुक्रवार काही बदलला नाही.

बाजाराची रीत ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगायला हवं. तिथं जनावराचा भाव तोंडानं होत नाही. घेणारा आणि विकणारा एकमेकांचा हात हातात घेतात, वर रुमाल नाहीतर उपरण्याचं टोक टाकतात आणि आत बोटं धरून आकडा सांगतात. एक बोट धरलं की एक, दोन धरली की दोन, अख्खा पंजा धरला की पाच. ते हजार की दहा हजार, हे म्हशीकडं बघून दोघांनाही कळतं. पटलं तर हात घट्ट दाबायचा, नाही पटलं तर सोडवून घ्यायचा. भोवती गावभरची माणसं उभी असली तरी भाव त्या दोघांतच राहतो.

आता यात बाईमाणसानं पडायचं काही कारण नव्हतं. पडावं लागलं ते गोरक्षमुळं. गोरक्ष म्हणजे तिचा नवरा, देवमाणूस, आणि देवमाणसानं म्हशी विकू नयेत. गुरांतलं त्याला सगळं कळायचं, पण समोरच्यानं जरा चेहरा पाडला की हा विरघळायचा. समोरचा म्हणायचा, ‘पाव्हणं, पोरीचं लगीन काढलंय,’ की यानं हात दाबलाच. दर शुक्रवारी गोजरबाई वाट बघायची आणि दर शुक्रवारी नवरा म्हैस देऊन, वर आशीर्वाद घेऊन घरी यायचा. एकदा तो तापानं फणफणला होता आणि म्हैस तर विकायलाच हवी होती. हिनं दावं हातात धरलं आणि निघाली.

बाजारात तिच्या म्हशीभोवती माणसं जमली. सड बघितले, दात बघितले, कास चाचपली. पण भाव करायची वेळ आली की जो तो मागं सरायचा. परक्या बाईचा हात कोण धरणार? कुणी म्हणालं, तोंडानंच सांग. ती म्हणाली, ‘‘तोंडानं सांगितलं की सगळ्या बाजाराला कळतं. मग भाव पडतो. तुमी तोंडानं सांगता का?’’ शेवटी कादरभाई नावाचे एक जुने व्यापारी पुढं झाले आणि म्हणाले, ‘‘इथं हात बाईचा न्हाई आन् बाप्याचा न्हाई. इथं हात म्हशीवाल्याचा.’’ तिच्याजवळ रुमाल कुठला असणार? तिनं डोक्यावरचा पदर ओढून दोघांच्या हातावर टाकला. कादरभाई धर्माचं बोलले, पण भावात त्यांनी धर्म केला नाही. चांगला अर्धा तास झुंजले. ती झुंज गोजरबाईला फार आवडली, हे तिनं पुढं कित्येक वर्षं कुणाला सांगितलं नाही.

संध्याकाळी घरी सासूनं, रंगुबाईनं, उंबऱ्यातच अडवलं. ‘‘परक्याचा हात धरून आलीस. चुलीला शिवायचं न्हाई.’’

‘‘बरं झालं, आत्याबाई,’’ गोजरबाई म्हणाली. ‘‘मग आज सैपाक तुमी करा. मी लई दमले.’’ आणि ती खरोखर जाऊन झोपली. त्या रात्री रंगुबाईनं भाकरी थापल्या, आणि पुढच्या शुक्रवारी उंबऱ्यात कुणी उभं राहिलं नाही.

त्या पदराखालून तिच्या लेकाचं, आदिनाथचं, सगळं आलं. शाळा आली, नगरचं कॉलेज आलं, लग्नातला मांडव आला. लहानपणी आदिनाथ बेरीज-वजाबाकी शिकला तीही टॉवेलाखाली आईची बोटं धरून. आता तो नगरला एका पतसंस्थेत साहेब आहे, सावेडीला त्याचा फ्लॅट आहे, बायको धनश्री दवाखान्यात नोकरी करते, आणि संस्कृती नावाची सात वर्षांची मुलगी आहे. तिच्या शाळेनं मुलांना संग्रहालय बघून यायला सांगितलं होतं. तिनं फोनवर हट्टच धरला, ‘‘आजी, तू पण चल.’’ म्हणून गोजरबाई शनिवारी सकाळी निघाली. गोठा गोरक्षच्या हवाली केला, नुकत्याच व्यायलेल्या म्हशीच्या चिकाचा खरवस डब्यात घातला, आणि एसटीत खिडकीची जागा पकडून बसली. लेकाकडं जायचं म्हणून ती खुशीत होती. लेकाच्या डोक्यात काय शिजतंय हे तिला काय माहीत?

दुपारी जेवणं झाली. धनश्रीनं खरवसाच्या वड्या पाडल्या, संस्कृतीनं त्यातल्या निम्म्या एकटीनं संपवल्या. मग धनश्री पोरीला घेऊन आत आडवी झाली आणि आदिनाथ आईसमोर येऊन बसला. बसला, उठून पंखा वाढवला, परत बसला. गोजरबाईनं ओळखलं. गिऱ्हाईक असंच करतं, आधी दुसरीकडंच बघतं.

‘‘बोल,’’ ती म्हणाली.

त्यानं मोबाईल पुढं केला. व्हिडिओ होता. बाजार, धूळ, म्हशी, आणि मधोमध ती. समोर संगमनेरकडचा एक व्यापारी, दोघांच्या हातावर तिचा हिरवा पदर. कुणीतरी बाजारातच काढलेला, वर कसलंसं थिल्लर गाणं चिकटवलेलं. शेवटी ती पदर झटकते आणि व्यापाऱ्याला काहीतरी सुनावते, तो हसतो, ती पण हसते.

‘‘बरी दिसते की मी,’’ गोजरबाई म्हणाली. ‘‘गानं तेवढं वंगाळ हाय.’’

‘‘आई, चेष्टा करू नकोस. हा सगळीकडं फिरला. आमच्या ऑफिसच्या ग्रुपवर आला. चहाच्या टपरीवर सगळ्यांसमोर एकानं मला विचारलं, साहेब, मातोश्रींनी पदराखाली काय धरलंय?’’

गोजरबाईचं हसू गेलं. ‘‘मग? तू काय म्हनलास?’’

‘‘काय म्हणणार? गप्प बसलो.’’

टपरीवरच्या त्या माणसाचा तिला राग आला नाही. तसली तोंडं तिनं बाजारात पुष्कळ बघितली होती, आणि त्यातली बरीचशी बंदही केली होती. पण तिचं पोर गप्प बसलं, याचं तिला फार वाईट वाटलं. ज्या हातानं याला चालायला शिकवलं त्या हाताबद्दल कुणीतरी घाण बोललं आणि हा चहा पीत राहिला!

आदिनाथचं पुढं चालूच होतं. ‘‘तू बाजार बंद कर. म्हशी ठेव, दूध डेअरीला घाल, मी कुठं नाही म्हणतो? विकायचं काम पार्थ करील. मी त्याच्याशी बोललोय. येत्या शुक्रवारी विकायला काढलेल्या दोन म्हशी तोच टेम्पोत घालून नेणार आहे.’’

पार्थ म्हणजे गोरक्षच्या भावाचा मुलगा. टेम्पो त्याचाच. पोरगा चांगला, पण त्याला म्हशीचं तोंड कुठलं आणि शेपूट कुठलं एवढंच कळतं.

‘‘पार्थाशी बोललास,’’ गोजरबाई म्हणाली. ‘‘तुज्या बापाशी बोललास?’’

‘‘अण्णा म्हणाले, तुझ्या आईला विचार.’’

‘‘मग मला कुटं इचारलंस?’’

‘‘आता विचारतोय ना?’’

असं विचारतात होय? म्हशी ठरल्या, टेम्पो ठरला, माणूस ठरला, आणि मग आईला विचारायचं! तिला वाटलं, आत्ताच्या आत्ता पिशवी उचलावी आणि स्टँड गाठावं. पण उद्या पोरीला संग्रहालयात न्यायचा शब्द दिलेला. ती उठून बाल्कनीत जाऊन बसली आणि संध्याकाळपर्यंत खालची रहदारी बघत राहिली. आई ओरडली नाही, रडली नाही, तेव्हा तिला पटलं असं आदिनाथनं धरलं. रात्री तो धनश्रीला म्हणालासुद्धा, ‘‘चला, सुटलो.’’ एवढं लहानपण त्या बाजारात काढून तो एक गोष्ट विसरला होता. पदराखाली माणूस गप्पच असतं. हात दाबला नाही तोवर काही ठरत नाही.

रविवारी सगळे गाडीत बसून निघाले. शहराबाहेर, बायपासच्या अंगाला, कुणा हौशी माणसानं जुन्या खेड्याचं संग्रहालय उभं केलंय. आत झाडं, शेणानं सारवलेली अंगणं, आणि जिकडंतिकडं माणसाएवढे पुतळे. लोहार भाता ओढतोय, कुंभार चाक फिरवतोय, एक बाई जात्यावर बसलीय. सुट्टीचा दिवस, म्हणून गर्दी बरीच. जो तो पुतळ्यांच्या गळ्यात हात टाकून फोटो काढत होता. संस्कृती प्रत्येक पुतळ्यापाशी थांबून आजीला विचारी, तू हे केलंस का? आजी हो म्हणे. पोर म्हणे, मग तुझा पुतळा का नाही? आजी म्हणे, ‘‘मला बसाया येळ न्हाई, म्हनून.’’

असं करत करत ते एका मोठ्या दालनाशी आले. भिंतीवर बाजाराचं चित्र रंगवलेलं. पुढं एका म्हशीचा पुतळा, आणि म्हशीपाशी पागोटं घातलेले दोन बाप्ये, एकमेकांचा हात हातात घेतलेले, वर लाल रुमाल. गोजरबाई जागीच थांबली.

आदिनाथला मात्र उत्साहाचं भरतं आलं. ‘‘संस्कृती, इकडं ये, हे बघ! हे आपल्या घोडेगावचं. रुमालाखाली असा हात धरायचा, आत बोटांनी भाव सांगायचा. कुणाला कळत नाही. काय डोकं असेल बघ आपल्या माणसांचं!’’ शेजारी दुसरं एक कुटुंब उभं होतं, त्यांनाही त्यानं समजावून सांगितलं. आवाजही चढला होता. मग तो त्या दोन पुतळ्यांच्या मधे जाऊन उभा राहिला, रुमालावर हात ठेवला आणि धनश्रीला फोटो काढायला लावला. लगेच खाली मान घालून मोबाईलवर काहीतरी टाईप केलं.

गोजरबाईनं सुनेला विचारलं, ‘‘धनू, काय लिवलं गं त्यानं?’’

धनश्रीनं आपल्या मोबाईलवर बघितलं. वाचायला ती जरा अडखळली. ‘‘स्टेटस ठेवलंय, आई. ‘आपली परंपरा, आपला अभिमान.’ ’’

‘‘त्यो हापिसातला बगंल का हे? टपरीवरला?’’

‘‘बघतील की. सगळेच बघतात.’’

बास. कालपासून आत दाबून ठेवलेलं सगळं गोजरबाईच्या डोक्यात गेलं. तिनं पदर सारखा केला आणि सरळ लेकापुढं जाऊन उभी राहिली.

‘‘आदिनाथ, हात दे.’’

‘‘काय?’’

‘‘हात दे म्हनते.’’

‘‘आई, इथं नको. लोक बघतायत.’’

‘‘बगू देत. ह्या पुतळ्यांस्नी बगाया तिकीट काढून आल्यात, मला फुकटात बगतील. मातीच्या बाप्यांनी हात धरला तर तुजा अभिमान. जित्या आईनं धरला तर तुजी मान खाली. दे हात.’’

लोक वळून बघायला लागले. आदिनाथनं इकडं तिकडं बघितलं, उगाच हसला आणि हात पुढं केला. गोजरबाईनं तो आपल्या हातात घेतला आणि वर पदर टाकला. केवढा मऊ झाला होता हात! बोटांना पेनाशिवाय काही माहीत नाही. क्षणभर तिला त्याची दयाच आली, पण हात तिनं ढिला सोडला नाही.

‘‘माल काय?’’ त्याच्या तोंडून सवयीनं निघून गेलं. लहानपणी टॉवेलाखाली तो हेच विचारायचा.

‘‘शुक्रवार. म्हैन्याचे. माजे किती ठेवतोस? बोल.’’

आता कुठं त्याच्या ध्यानात आलं की कालचं काही मिटलेलं नाही. ती म्हशीच्या चेहऱ्यानं, म्हणजे कसलाच चेहरा न करता, समोर बघत उभी. पदराखाली त्यानं तिचं एक बोट धरलं. महिन्यातून एक शुक्रवार. तिनं बोट सोडवून घेतलं. त्यानं दोन धरली. तिनं दोन्ही सोडवली. भोवती माणसं वाढली. आत काय चाललंय हे त्यांना कळत नव्हतं, तरी काहीतरी चाललंय हे कळत होतं. संस्कृती वाकून पदराखालून बघायला गेली, तिला धनश्रीनं मागं ओढलं.

आदिनाथनं तीन बोटं धरली. गोजरबाईनं तीही सोडवून घेतली. शेवटी त्यानं एक सुस्कारा टाकला आणि चारही बोटं मुठीत धरली. सगळे शुक्रवार. वर हातही घट्ट दाबला, सौदा पक्का करताना दाबतात तसा. आणि हसला. त्याला खरंच मोकळं वाटलं असावं, काहीतरी मोठं दान केल्यासारखं. लेक बापावरच गेलेला, तीनदा नाही म्हटलं की विरघळणारा.

गोजरबाईनं हात उलटा दाबला नाही. तिनं तो सोडवला, पदर झटकला आणि डोक्यावर घेतला.

आदिनाथचा चेहरा पडला. ‘‘अगं, चारही दिले की! आता अजून काय पाहिजे तुला?’’

‘‘दिलेस?’’ गोजरबाईचा आवाज बाजारातला झाला, दालनाच्या पार दुसऱ्या टोकाला गेला. ‘‘माज्याच दावनीचं जनावर सोडून मलाच इकाया निगालास व्हय रं? शुक्रवार तुजे कदी हुते? तुज्या जल्माच्या आदी जे माजं हुतं ते तू मला कुटनं देनार? मी बगत हुते, तुला कळतंय का. चार बोटं धरलीस तरी न्हाईच कळलं!’’

कुणीतरी हसलं, कुणीतरी त्याला गप्प केलं.

‘‘आन् त्या टपरीवरल्याला सांग,’’ ती म्हणाली, ‘‘पदराखाली काय धरलंय ते बगायचं आसंल तर घोडेगावला ये, म्हस घ्याया. तिथं सगळं कळंल. गप बसू नगं. माजी लाज वाटत आसंल तर तसं सांग त्याला, पन गप बसू नगं. लई लागलं मला ते.’’

हे शेवटचं म्हणताना तिचा आवाज फाटला आणि त्याचा तिला स्वतःलाच राग आला. तिनं पदरानं डोळे पुसले नाहीत. आदिनाथनं खाली बघितलं. मग अगदी हळू, फक्त तिला ऐकू जाईल असं, तो म्हणाला, ‘‘चुकलं, आई.’’

‘‘चुकलं तर पार्थाला फोन लाव.’’

‘‘घरी गेल्यावर लावतो.’’

‘‘आत्ता.’’

तो खिसे चाचपत राहिला. धनश्री कालपासून या विषयावर एक अक्षर बोलली नव्हती. तिनं आपल्याच मोबाईलवर नंबर लावला, स्पीकर चालू केला आणि सासूच्या हातात दिला. नवऱ्याकडं तिनं बघितलंसुद्धा नाही. पलीकडून टेम्पोच्या इंजिनाचा आवाज आला आणि पार्थ ओरडला, ‘‘हॅलो, वहिनी, बोला!’’

‘‘वहिनी न्हाई, काकू बोलतीया,’’ गोजरबाई म्हणाली. ‘‘पार्था, शुक्रवारी म्हशी मी नेनार हाय. तू टेम्पो घिऊन ये. आन् फुडची शीट मोकळी ठेव, तिथं मी बसनार.’’